हौसेचे शिपाई, पदरचा खर्च

१८५९ साली फ्रान्सच्या स्वारीच्या धास्तीने इंग्लंड हवालदिल झाले, तेव्हा सरकारने स्वयंसैनिकांच्या तुकड्यांना परवानगी दिली. मात्र बंदूक आणि गणवेश ज्याचा त्याने आणायचा! लंडनमधल्या स्कॉटिश मंडळींची पलटण उभारली लॉर्ड एल्को या उमरावाने. शिपाई हाही शिकारीच, मग त्याला भडक कपडे कशाला, असे म्हणून त्याने करडा रंग निवडला. निशाणबाजीसाठी त्याने दिलेल्या ढालीची स्पर्धा १८६२ पासून सुरू झाली.

उभा जन्म बँकेत गेल्याने मला रंगाआधी खर्चाचा रकाना दिसतो. ज्याचा खिसा गरम, त्यालाच देशसेवा परवडणार! पुढे सरकारलाच बंदुका पुरवाव्या लागल्या. याच एल्कोने १८६७ मध्ये मजुरांवरचा जाचक करार-कायदा सौम्य करवून घेतला आणि १८८२ मध्ये सरकारी हस्तक्षेपाविरुद्ध संघटनाही काढली. माणसाच्या स्वेच्छेवर त्याची श्रद्धा होती, यात शंका नाही.

पण स्वेच्छेच्या पायातही बूट लागतात. पूर-भूकंपात धावून जाणाऱ्या पोरांची आपण पाठ थोपटतो; त्यांच्या गाडीभाड्याची, औषधपाण्याची चौकशी किती जण करतात? कौतुक फुकट असते, सेवा नसते. तिचा खर्च समाजाने उचलायला नको काय?