मुलाखतीला काय घालून जाल?

काशीचा राजा घाट पेशवे घराण्यातील अमृतरावांनी बांधलेला. त्याच्या पायऱ्यांवर ओला पंचा नेसलेला माणूस आणि जरीकाठाची साडी नेसलेली बाई शेजारी-शेजारी बसतात. कोणी कोणाला कपड्यांवरून जोखत नाही. पायऱ्या चढून शहरात आले, की मात्र हिशेब बदलतो.

याच शहरात फेब्रुवारी १९१६ मध्ये हिंदू विश्वविद्यालयाच्या स्थापना समारंभात गांधीजींनी दागिन्यांनी मढलेल्या संस्थानिकांना, हे दागिने देशासाठी उतरवा, असे तोंडावर सुनावले. सभेत गोंधळ उडाला. त्या भाषणाची चर्चा चालू असतानाच वीस वर्षांचे विनायक भावे, म्हणजेच पुढचे विनोबा, काशीत आले. आपली प्रमाणपत्रे त्यांनी बडोद्यालाच चुलीत घातली होती. गांधीजींशी पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात दोघे भेटले. गांधीजी भाजी चिरत होते. त्यांनी विनोबांच्या हातीही चाकू दिला. ना प्रमाणपत्र, ना पोशाख! अशी मुलाखत कोणाला मिळाली तर उत्तमच.

एरवी समोरच्या तिघा-चौघांकडे जेमतेम पंधरा-वीस मिनिटे असतात. एखाद्याचा एक गुण किंवा दोष मनात ठसला, की त्याचे बाकीचे सारेही तसेच वाटू लागते, हे मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवून दिले आहे. चुरगळलेली कॉलर दिसली, की कामही गबाळेच असणार असे वाटते. हा अन्यायच आहे आणि तो नेमका ज्या घरात नव्या कपड्यांसाठी किराणा लांबणीवर टाकावा लागतो, त्या घरातल्या मुलामुलींवर अधिक होतो. पण त्यावर उपाय महाग कपडे हा नाही. दोनदा धुतलेला, कडक इस्त्रीचा साधा शर्ट उसन्या कोटापेक्षा केव्हाही बरा. कोट खांद्यावरून उतरत असेल, तर मुलाचे निम्मे लक्ष कोटातच राहते.

मुलगी मुलाखतीला निघाली, की घरातली वडील मंडळी हौसेने बनारसी नेसायला सांगतात. तो शालू लग्नासाठीच ठेवावा. सुती साडी किंवा पिन लावलेल्या ओढणीचा सलवार-कमीज पुरेसा आहे. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात एखादी बांगडी चालेल; डझनभर बांगड्या उत्तर देताना टेबलावर वाजत राहतात. अत्तर शक्यतो नकोच, बंद खोलीत ते समोरच्यांना नकोसे होते. कागद पिशवीतून उपसण्यापेक्षा साध्या फाइलमध्ये क्रमाने लावावेत. चपला-बूट जुने असले तरी चालतात, मळके नकोत.

हल्ली पुष्कळ मुलाखती मोबाइलच्या पडद्यावर होतात. तिथे बारीक पट्ट्यांचा शर्ट टाळावा, पडद्यावर तो झगमगल्यासारखा दिसतो. खिडकी पाठीमागे नव्हे, समोर असावी. आणि फक्त वरचा शर्ट नीट घालून खाली लुंगीवर बसू नये. कागद आणायला मध्येच उठावे लागले, तर पंचाईत होते.

आदल्या दिवशी तासभर हे सगळे कपडे अंगावर घालून पाहावेत. खुर्चीत बसावे, दोन जिने चढावेत. पट्टा कुठे निसटतो, निऱ्या कुठे सुटतात, ते घरीच कळेल.