मन रमवायचे कोठे आणि केव्हा?

मनाला घोर लागलेल्या माणसाला घरची-दारची मंडळी एकच सल्ला देतात : ‘कशात तरी मन रमव.’ या सल्ल्याची टवाळी करण्याचे कारण नाही. मानसोपचारशास्त्रही काही अंशी तेच सांगते. परंतु मन रमवायचे ते केव्हा आणि कोठे, हे सल्ला देणारा सांगत नाही. हे दोन प्रश्न विचारले की हा विषय दवाखान्याच्या उंबरठ्याबाहेर पडतो आणि अर्थकारणाच्या प्रांतात येतो.

‘पॅनिक अटॅक’ या नावाने ओळखला जाणारा भीतीचा झटका ज्याने अनुभवला आहे, त्याला त्याचे वर्णन सांगावे लागत नाही. छाती धडधडते, श्वास अपुरा पडतो, हातापायांना मुंग्या येतात आणि आता आपण मरणार अशी खात्री होते. बहुधा दहा मिनिटांच्या आत भीती शिगेला पोहोचते व मग ओसरते. पहिल्याच वेळी असे झाले तर हृदयाची तपासणी करून घेणे शहाणपणाचे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 साली या झटक्याची जी उपपत्ती मांडली, ती साधी आहे : माणूस शरीरातल्या निरुपद्रवी संवेदनांचा अर्थ ‘संकट’ असा लावतो, त्याने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते आणि हे चक्र फिरत राहते. म्हणूनच लक्ष शरीराकडून बाहेर वळविण्याचे उपाय त्या क्षणी उपयोगी पडतात. समोरच्या पाच वस्तूंची मनाशी नावे घेणे, गार पाण्यात हात धरणे, श्वास सावकाश सोडणे हे त्यांपैकी काही. रोजचे चालणे, विणकाम, भजन, बुद्धिबळाचा डाव यांनी मनाला दीर्घकाळचा आधार मिळतो.

अर्थात या उपायालाही मर्यादा आहे. झटका येईल म्हणून लोकलचा प्रवास टाळला, बाजार टाळला, तर भीती कमी न होता घरापर्यंत येऊन ठेपते. लक्ष वळविणे म्हणजे पळ काढणे नव्हे. भीती वाटते तेथे हळूहळू पुन्हा जाण्याचे धैर्य यावे लागते, आणि त्यासाठी जाणत्या उपचारकाची सोबत लागते.

आता वेळेचा प्रश्न. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती 10 जून 1890 रोजी, आणि तीही नारायण मेघाजी लोखंडे यांनी काही वर्षे चालविलेल्या चळवळीनंतर. कामगाराचा मोकळा वेळ ही मालकाची कृपा नसून लढून मिळविलेली मिळकत आहे. त्याच महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा 9 तासांवरून 12 तासांवर आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा 115 तासांवरून 144 तासांवर नेण्यास मान्यता दिली. कामगाराची लेखी संमती आवश्यक आहे, असे त्यावर सांगण्यात येते. परंतु नोकरी टिकेल की नाही या विवंचनेत असलेला कामगार नकार कोणत्या बळावर देणार? स्त्रियांची स्थिती तर याहून बिकट. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरातले बिनमोबदल्याचे काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवितात, तर असे काम करणारे पुरुष 97 मिनिटे. ज्या बाईचा दिवस असा आधीच संपलेला असतो, तिला ‘एखादा छंद लावून घे’ असे सांगणे ही क्रूर थट्टा होय.

मात्र नुसता वेळ हाती असून भागत नाही. ऑस्ट्रियातील मारिएन्थाल या गावची गिरणी बंद पडून जवळजवळ सारे गाव बेकार झाले, तेव्हा मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 1933 मध्ये प्रसिद्ध झाला. वेळ मुबलक होता, ग्रंथालयही होते. तरीही पुस्तके नेण्याचे प्रमाण वाढण्याऐवजी जवळजवळ निम्म्यावर आले. उद्याची शाश्वती नसेल तर मोकळ्या वेळातही मन रमत नाही, उलट तोच वेळ खायला उठतो.

राहिला जागेचा प्रश्न. गिरणगावातील चाळींच्या खोल्या लहान होत्या. परंतु त्यांच्याभोवती भजनी मंडळे, आखाडे, व्यायामशाळा, वाचनालये आणि कबड्डीची मैदाने होती. पाळी संपल्यावर माणूस माणसांत जात असे. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा सार्वजनिक मोकळ्या जागांसाठी व एक तृतीयांश हिस्सा परवडणाऱ्या घरांसाठी राखला होता. 2001 मध्ये नियम बदलून ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जागेपुरती उरली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. जेथे मैदाने व्हायची तेथे मॉल आणि मनोरे उभे राहिले. मन रमविण्यासाठी आज तिकीट काढावे लागते, नाहीतर मोबाइलच्या पडद्यात डोके खुपसून बसावे लागते.

उपचारांचीही तीच गत. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुतेक मनोविकारांनी ग्रस्त असलेल्यांपैकी 70 टक्क्यांहून अधिक लोक उपचारांविना असल्याचे आढळले. 2017 च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवेचा हक्क दिला, ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर ‘टेली मानस’ची विनामूल्य मदतही मिळते. हे स्वागतार्ह आहे. पण दूरध्वनीवरच्या समुपदेशकाने ‘रोज संध्याकाळी थोडे फिरत जा’ म्हटले, तर बारा तास काम करून आलेल्या माणसाने कोणत्या संध्याकाळी आणि कोणत्या मैदानात फिरावे?

तेव्हा कामाचे तास वाढविण्याला विरोध, प्रत्येक वस्तीत रात्री नऊपर्यंत उघडे राहणारे वाचनालय, अतिक्रमणापासून राखलेले मैदान आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात नियमित मानसोपचार या मागण्या एकाच निवेदनात लिहिल्या गेल्या पाहिजेत. कामगार संघटनांनी आणि महिला मंडळांनी त्या येत्या महापालिका व जिल्हा परिषदांच्या अंदाजपत्रकांपूर्वी मांडाव्यात. घाबरलेल्या माणसाला धीर देणे हे त्याच्या शेजाऱ्याचे काम आहे. त्या शेजाऱ्यालाही थोडी उसंत मिळेल, हे पाहणे समाजाचे.