‘पूर्वीही असे व्हायचेच’ : पावसाचा इतिहास आणि एक चुकीचा निष्कर्ष

१/ अतिवृष्टी होवो वा दुष्काळ पडो, एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो : ‘यात नवे ते काय? इतिहासात असे होतच आले आहे.’ इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे वाक्य अस्वस्थ करते. कारण त्यातला पुरावा खरा असतो आणि निष्कर्ष चुकीचा. आजचा धागा त्याविषयी.

२/ आधी पुरावा. चौदाव्या शतकाच्या अखेरीचा दुर्गादेवीचा दुष्काळ लोकस्मृतीत शतकानुशतके टिकला. १६३० च्या दुष्काळाने दख्खन आणि गुजरात उजाड केले. १८७६ ते १८७८ या काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली. १९७२ तर आपल्या आजी-आजोबांनी पाहिलेले. पाऊस या भूमीत कधीच पुरता भरवशाचा नव्हता, हे निर्विवाद.

३/ मग आज वेगळे काय घडते आहे? त्याचे उत्तरही इतिहासातच आहे, मात्र विज्ञानाच्या. १८३४ मध्ये क्लॅपेरॉन या फ्रेंच अभियंत्याने वाफेच्या इंजिनामागील तत्त्वांचा विचार करताना बाष्पाचा दाब आणि तापमान यांचे नाते मांडले. १८५० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ क्लॉसियुस याने त्याला भक्कम सैद्धान्तिक पाया दिला.

४/ त्या नात्यातून निघणारा हिशेब असा : तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की हवेत सामावू शकणाऱ्या बाष्पाची मर्यादा सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. इंजिनाच्या अभ्यासातून जन्मलेले हे सूत्र आज आपल्या डोक्यावरच्या ढगांना लागू पडते आहे.

५/ १८५६ मध्ये अमेरिकेतील युनिस फूट यांनी काचेच्या नळ्या उन्हात ठेवून पाहिल्या. कोरड्या हवेपेक्षा दमट हवा अधिक तापली आणि कार्बन डायऑक्साइड सर्वांत अधिक. काही वर्षांतच लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी बाष्प उष्णता शोषून घेते, हे काटेकोर मोजमापाने दाखवले.

६/ म्हणजे येथे एक चक्र आहे. उष्णतेने बाष्प वाढते आणि वाढलेले बाष्प आणखी उष्णता अडवते. तरीही मूळ आरोपी बाष्प नव्हे. ते हवेत सरासरी नऊ-दहा दिवस राहते आणि पाऊस होऊन खाली येते. कार्बन डायऑक्साइडचा मुक्काम मात्र शतकांचा. तो आग लावतो, बाष्प ती फुलवते. १८९६ मध्ये स्वांते आर्हेनियस यांनी आपल्या गणितात हा परिणाम धरलाही होता.

७/ आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. प्रत्येक अंशामागे बाष्प ७ टक्क्यांनी वाढते, पण जगाचा एकूण पाऊस केवळ १ ते ३ टक्क्यांनी. कारण बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि ती अवकाशात सोडून देण्याची वातावरणाची क्षमता मर्यादित आहे. घागर मोठी झाली, पण ती भरण्याचा वेग त्या मानाने वाढला नाही. त्यामुळे ती उशिरा भरते आणि कलंडली की एकदम ओतते.

८/ मधल्या खंडात तापलेली हवा मातीतला ओलावाही अधिक ओढून घेते. म्हणून पूर आणि दुष्काळ ही परस्परविरोधी संकटे नव्हेत. ती एकाच बदलाची दोन रूपे आहेत. ‘पाऊस वाढणार की घटणार?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कसा पडणार?’ हा खरा प्रश्न.

९/ भारतातील नोंदी हेच सांगतात. भूपेंद्रनाथ गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात १९५१ ते २००० या काळातील मध्य भारताच्या पावसाचे विश्लेषण मांडले. मुसळधार पावसाच्या घटना वाढल्या होत्या, मध्यम पावसाच्या घटल्या होत्या. आणि हंगामाची सरासरी जवळजवळ जागच्या जागी होती!

१०/ २०१७ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. त्यांना बाष्प पुरवण्यात अरबी समुद्राचा मोठा वाटा आहे.

११/ सरासरी किती फसवी असते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. वीस दिवसांचा खंड आणि चार दिवसांची अतिवृष्टी मिळून कागदावर ‘पुरेसा पाऊस’ होतो. शेतातले सोयाबीन मात्र आधी करपते, मग कुजते. भिजपावसाची जागा सरासरी भरून काढू शकत नाही.

१२/ १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि त्यानंतरची अवर्षणे यांनी हादरलेल्या सरकारने १८७५ मध्ये हवामान खाते स्थापन केले. त्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यास आले. ‘शिमला ऑफिस’ हे नाव त्याचीच खूण. पिढ्यानपिढ्या जमलेल्या पर्जन्यनोंदींवर आपली धरणे, पूल आणि नाले आखले गेले. त्यामागचे गृहीतक एकच : उद्याचा पाऊस कालच्यासारखाच असेल. तेच गृहीतक आता ढासळते आहे.

१३/ म्हणून माझे मत स्पष्ट आहे. जुन्या नोंदी ‘काही बदललेले नाही’ हे सांगण्यासाठी नाहीत; किती बदलले, हे मोजण्याची ती एकमेव पट्टी आहे. त्या पट्टीच्या आधारे पूररेषा, नाल्यांची रुंदी आणि पीकविम्याचे निकष नव्याने ठरवले पाहिजेत, आणि हंगामाच्या सरासरीबरोबर पावसातील खंडही मोजला पाहिजे.

१४/ आणि ‘पूर्वीही असे व्हायचे’ म्हणणाऱ्यांनी तो इतिहास पुरता वाचावा. १८७६ नंतर लोक मरत असताना धान्य परदेशी जात होते. १९७२ मध्येही पाऊस रुसला, पण सरकारने काढलेल्या दुष्काळी कामांनी आणि रेशनच्या धान्याने असंख्य जीव वाचवले. आभाळ दोन्ही वेळी कोरडेच होते; फरक माणसांनी केला. पूर्वीही संकटे येत होती, यातून हात बांधून बसण्याचा धडा निघत नाही. नेमका उलटा निघतो.

बहुत काय लिहिणे. लेखनसीमा.