उठला का तो?

२०२३च्या सप्टेंबरातली गोष्ट. विकांताला सानगडीला मामाकडे गेलो होतो. (आमच्या भंडाऱ्यात 'मामा तलाव' म्हणजे माजी मालगुजारी तलाव बरं का, माझ्या मामाचा नव्हे!) बांधावर उभा असताना मामाने विचारलं, "काऊन रे, उठला का तुमचा विक्रम?"

"नाही."

"मंग, गेले ना पैसे पाण्यात!"

टीव्हीवरही तोच सूर. खरं तर विक्रमची नेमणूकच चौदा दिवसांची होती आणि ते काम त्याने चोख केलं होतं. पण रात्रीनंतर तो उठला नाही एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.

मला आठवला फिनिक्स. २००१ सालचं रद्द झालेलं लँडर नासाने पुन्हा वापरात आणलं म्हणून हे नाव. (आपण जुना कोड वापरतो तसंच!) २५ मे २००८ला तो मंगळाच्या उत्तरेकडच्या मैदानात उतरला. काम काय, तर पाणी शोधायचं. हाताने माती उकरली तर खाली पांढरे खडे दिसले. चार दिवसांत ते गायब! मीठ असतं तर राहिलं असतं, म्हणजे हा बर्फ. पुढे जुलैअखेर मातीचा नमुना भट्टीत तापवला आणि पाण्याची वाफ मिळाली. खात्री पटली.

मुदत ९० दिवसांची, फिनिक्स राबला पाच महिन्यांवर. मग हिवाळा आला, सूर्य खाली गेला. २ नोव्हेंबरला शेवटचा निरोप.

गंमत पुढे आहे. तो हिवाळ्यातून वाचेल अशी आशा फारशी कोणालाच नव्हती, तसं नासाने उघड सांगितलंही होतं. तरी प्रोग्राममध्ये सोय होती: ऊन मिळून वीज आली तर जागा हो, दोन रेडिओ आणि दोन अँटेना आलटूनपालटून वापरून हाक मार. २०१०मध्ये ओडिसी यान त्याच्यावरून दोनशेहून जास्त वेळा कान देऊन गेलं. उत्तर नाही. वरून काढलेल्या फोटोत सौर पट्ट्या बहुधा बर्फाच्या भाराने मोडलेल्या दिसल्या. मे २०१०मध्ये फाईल बंद.

याला अपयश म्हणायचं? मला नाही पटत. काम कधी 'झालं' हे आधी ठरवायचं आणि निकाल त्यावरच लावायचा. आमच्या हाफिसात नेमकं हेच होत नाही. रिलीज झाल्यावर कोणीतरी नवीनच अपेक्षा काढतो आणि चांगलं प्रोजेक्ट नापास ठरतं. बिचारी पोरं तोंड पाडून बसतात. पण 'होणारच नाही' म्हणून त्या जागं होण्याच्या ओळी गाळायच्याही नाहीत. त्या लिहायला फार लागत नाही, आणि कधी लागल्याच तर मागाहून लिहायला कोणी मंगळावर जाणार नाही.

मामाला म्हटलं, "धान कापल्यावर पुन्हा उगवला नाही, तर पीक बुडालं म्हणतोस का?"

मामा तलावाकडे बघत म्हणाला, "नाही बाप्पा. पण धुऱ्यावर एक चक्कर मारून येतोच ना!"

असो. मला एवढंच म्हणायचं होतं.