पत्रिका जुळली, फाईल पाहिली का?

लग्न ठरताना आपल्याकडे पत्रिका बघतात, गुण मोजतात. मुलीची दवाखान्याची फाईल मात्र कपाटात तळाला जाते. "कुणाला बोलू नको, लग्नानंतर होईल सगळं नीट." नांदेड असो की लातूर, हे वाक्य तुम्ही कुठं ना कुठं ऐकलंच असेल.

ल्युपसचंच घ्या. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. सांधे दुखतात, चेहऱ्यावर लाल चट्टे येतात, कधी किडनीवर येतं. दहा रुग्णांत साधारण नऊ बायका आणि सुरुवात बहुतेकदा १५ ते ४५ या वयात. म्हणजे तुमच्या वर्गातली एखादी मैत्रीणसुद्धा.

दिवस गेल्यावर भीती असते गर्भपाताची, वाढलेल्या बीपीची, अपुऱ्या दिवसांच्या बाळाची. पण म्हणून सगळं नशिबावर सोडायचं कारण नाही. अमेरिका-कॅनडातल्या 'प्रॉमिस' अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. त्यात ल्युपस असलेल्या ३८५ गरोदर बायका होत्या, आजार बऱ्यापैकी आटोक्यात असलेल्या. त्यातल्या ८१ टक्के जणींचं बाळंतपण मोठ्या अडचणीशिवाय पार पडलं. धोका कुणाला जास्त, याचा अंदाजही आधीच येत होता: रक्तात 'ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट' सापडणं, बीपीची गोळी चालू असणं, प्लेटलेट कमी असणं, आजार उसळलेला असणं.

म्हणूनच डॉक्टर सांगतात, आजार निदान सहा महिने शांत राहू द्या, मग बाळाचा विचार करा. आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनची गोळी मनानं बंद करू नका. आपल्याकडे घडतं उलटंच. "पोटात बाळ आहे, गोळ्या कशाला?" म्हणत घरचेच गोळी थांबवतात.

तुम्ही म्हणाल, फाईल दाखवली तर सोयरीकच मोडेल. मोडेलही. पण लपवून केलेल्या लग्नात गोळीही लपून खावी लागते, आणि बाळ गेलं की दोष पुन्हा तिच्याच माथी.

पोरांनो, हे फक्त पोरींचं काम नाही. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. बहीण असो, वहिनी असो की उद्याची बायको, तिच्यासोबत जा. जाताना जुनी फाईल घ्या आणि डॉक्टरांना सगळं सांगा. खरं तर दिवस जाण्याआधीच जा. लातुरात नीटसाठी रात्र रात्र जागणाऱ्यांनो, उद्या खुर्चीत तुम्हीच बसाल. तेव्हा समोरचीला आधी एवढं विचारा: "ताई, आधीचा काही आजार, काही गोळ्या?"