पारखून घेऊ या : सगळीच बदाम सत्ती!



जत्रेतून किंवा दुकानातून जादूचे पत्ते आणलेत कधी? आणले नसतील तर हे वाचा. आणले असतील तर वाचाच वाचा!

आमच्या चौथीतल्या एका मुलानं खाऊचे पैसे साठवून असा एक कॅट घेतला. सोबत मोबाइलवर बघायचा, जादू शिकवणारा व्हिडिओ. शनिवारी बालसभेत स्वारी ऐटीत उभी राहिली. एक चिठ्ठी लिहून माझ्या टेबलावर ठेवली आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला म्हणाला, "मी पत्ते फरफर सोडतो, तू 'थांब' म्हण." ती "थांब" म्हणाली. पत्ता निघाला बदाम सत्ती. चिठ्ठीतही बदाम सत्ती! टाळ्याच टाळ्या.

वर्ग ओरडला, "पुन्हा! पुन्हा!" त्यानं पुन्हा केलं. पुन्हा सत्तीच! तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "बघू रे पत्ते," आणि तिनं कॅट ओढलाच. पुढचं काय सांगू? "फसव्या! फसव्या!" गडी मान खाली घालून बसला. मधल्या सुट्टीत डबासुद्धा उघडला नाही.

त्या रात्री मी तो कॅट घरी आणला आणि व्हिडिओ तीनदा पाहिला.

आधी पत्ते. ह्या कॅटला 'स्वेंगाली' म्हणतात. १८९४ सालच्या 'ट्रिल्बी' ह्या इंग्रजी कादंबरीत मोहिनी घालणारा एक स्वेंगाली आहे, त्याचंच हे नाव. ५२ पत्त्यांपैकी २६ वेगवेगळे आणि २६ एकसारखे. आमच्या कॅटात बदाम सत्त्या. ह्या सत्त्या किंचित आखूड कापलेल्या असतात. एक लांब, एक आखूड, असे पत्ते आलटूनपालटून लावलेले. कडेवरून फरफर सोडताना आखूड पत्ता बोटाला लागतच नाही, तो खालच्या लांब पत्त्याबरोबर जोडीनं पडतो. म्हणून बघणाऱ्याला दिसतात ते वेगवेगळे पत्ते, पण 'थांब' म्हणाल तिथं खालच्या गठ्ठ्यावर सत्तीच! आहे की नाही गंमत? दहापैकी आठ गुण. दोन कापले, कारण पुठ्ठा पातळ. चार दिवसांत कोपरे दुमडले.

आता व्हिडिओ. हात जवळून दिसतात, पत्ते सोडायची रीत सावकाश दाखवली आहे. इथवर शाबास! पण बोलायचं काय? तीच जादू त्याच मंडळींपुढं लगेच पुन्हा का करायची नाही? कुणी 'पत्ते दाखव' म्हटलं तर काय? ह्याबद्दल चकार शब्द नाही. आमचा गडी नेमका तिथंच पडला. दहापैकी चार.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी म्हणाली, "बाई, तो खोटं बोलला ना?"

मी म्हटलं, "जादूगार आधीच सांगतो, मी तुम्हाला चकवणार. आपणही हौसेनं चकतो. पण ह्याच पत्त्यांवर कुणी पैसे लावले, किंवा माझ्या अंगात शक्ती आहे म्हणाला, तर ती लबाडी."

ती विचारात पडली. मग स्वतःच त्याच्या बाकाशी गेली. आठवडाभर दोघं मधल्या सुट्टीत सराव करत होती. ती मुद्दाम हटून बसायची, "दे पत्ते!" आणि तो हसत कॅट डब्यात घालून खिशातलं नाणं काढायचा, दुसऱ्या जादूसाठी.

पुढच्या शनिवारी तिसरीच्या वर्गात जादू झाली. फक्त एकदा. पोरं "पुन्हा! पुन्हा!" ओरडत राहिली. त्यानं वाकून नमस्कार केला आणि डबा बंद!

तेव्हा दोस्तांनो, कॅट घ्यायचा तर खुशाल घ्या. पण त्या डब्यात अर्धीच जादू मिळते. उरलेली अर्धी सरावानं कमवावी लागते, आणि सरावाला एखादी शंकेखोर मैत्रीण हवीच!

तुमच्या,
बाई