काचेच्या छताखालचे निवेदन

अ‍ॅम्स्टरडॅमच्या कालव्यांची सफर आम्ही केली ती भर पावसात. होडी लांबट, काचेच्या छताची. काचेवरच्या ओघळांमुळे काठावरची सतराव्या शतकातील घरे पुसट दिसत होती. पाहणे अवघड झाल्याने ऐकणे भाग पडले आणि कानांतल्या ध्वनिमुद्रित निवेदनाकडे एरवीपेक्षा अधिक लक्ष गेले. पावसाचे हे उपकारच म्हणायचे.

निवेदन नेटके होते. १६१३पासून खणलेले कालवे, २०१०मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झालेला समावेश, घरांच्या माथ्यावरून पुढे आलेली तुळई आणि तिचा आकडा. या आकड्याला दोर लावून मसाले, कॉफी यांसारखा माल माळ्यावर चढवीत. तो माल कोणी पिकवला आणि कोणत्या अटींवर, याविषयी मात्र निवेदन गप्प होते.

प्रिन्सेनग्राख्त या कालव्यावरून जाताना योर्दान वस्तीत शिरणारा लाउरियरग्राख्त लागतो. 'मॅक्स हॅवेलार' (१८६०) या डच कादंबरीतील कॉफीचा दलाल ड्रोखस्टोपेल इथेच, ३७ क्रमांकाच्या घरात राहतो. एदुआर्द दौवेस डेकर हा जावा बेटावरील डच अधिकारी. लेबाक येथील रयतेच्या पिळवणुकीविरुद्ध त्याने आवाज उठवला, १८५६मध्ये नोकरी सोडली आणि पुढे 'मुल्तातुली' या टोपणनावाने ही कादंबरी लिहिली. कादंबरीचा आरंभ आत्मसंतुष्ट दलालाच्या तोंडून होतो. मग त्याच्या पेढीवरील तरुण उमेदवाराच्या लेखणीतून जावा उभे राहते. अखेरीस लेखक दोघांनाही बाजूला सारून स्वतः बोलू लागतो.

आमचे म्हणणे असे, की होडीतले निवेदन ड्रोखस्टोपेलचे होते. त्यात खोटे काही नव्हते, परंतु ते दलालाच्या घरातून केलेले होते. कादंबरी शिकवताना आपण 'निवेदक कोण, तो कोठे उभा आहे' हे विचारतो. प्रवासात, आणि प्रवासवर्णन वाचताना, हाच प्रश्न विसरतो.

तासाभराच्या सफरीत एवढे कसे मावणार, असा आक्षेप कोणी घेईल. पण त्यासाठी एक वाक्य पुरे असते. शिवाय हे शहर स्वतः या बाबतीत मुके राहिलेले नाही. येथील अ‍ॅम्स्टरडॅम संग्रहालयाने २०१९मध्ये सतराव्या शतकासाठी 'सुवर्णयुग' हा शब्द न वापरण्याचे ठरवले. २०२१मध्ये महापौरांनी गुलामगिरीतील शहराच्या सहभागाबद्दल, तर २०२३मध्ये राजाने गुलामगिरीबद्दल जाहीर क्षमा मागितली.

दोष केवळ निवेदनाचा नव्हे. सायंकाळी आम्ही आमची वही चाळली, तर तीत स्वच्छता, शिस्त आणि 'आपल्याकडे असे का नाही?' हा नेहमीचा सुस्कारा! वेंगुर्ल्याला याच डच कंपनीच्या वखारीचे अवशेष आहेत. गोव्याच्या पोर्तुगीजांना शह देणारी तिची जहाजे आपल्याच किनाऱ्यावर येत होती. तरीही वेंगुर्ले आणि हा कालवा एकाच व्यापाराची दोन टोके आहेत, हे आम्हांस त्या होडीत एकदाही सुचले नाही.

मराठी प्रवासवर्णनात आश्चर्य आहे, विनोद आहे, हळवी तुलनाही आहे. त्यात हा दुसरा निवेदक विरळाच भेटतो. पुढील वर्षी प्रवासवर्णन शिकवताना विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न त्याच्याविषयी विचारायचा, आणि त्यासाठी आमचीच वही वर्गात वाचायची, असे आम्ही ठरवले आहे.